सीसीएनएसाठी राउटिंग शिकताना: आधी टेबल, मग प्रोटोकॉल

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या तयारीत राउटिंगचा, म्हणजे पॅकेटचा रस्ता ठरवण्याचा, भाग आला की बहुतेक जण आधी वहीत तक्ता आखतात. आरआयपी, ईआयजीआरपी, ओएसपीएफ, बीजीपी अशा राउटिंग प्रोटोकॉलचे रकाने आणि खाली मेट्रिक, टायमर, पोर्ट नंबर. तक्ता छान दिसतो, दोन दिवसांत पाठही होतो. मग परीक्षेत राउटिंग टेबलचं, म्हणजे कुठल्या नेटवर्ककडे कुठून जायचं या राउटरकडच्या यादीचं, चित्र येतं, खाली विचारलेलं असतं की अमुक पत्त्याचं पॅकेट राउटरच्या कुठल्या इंटरफेसमधून (पोर्टमधून) बाहेर पडेल. तिथे पाठ केलेला तक्ता फारसा कामाला येत नाही.

नेटवर्कच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी नेहमी एकच क्रम सांगते. आधी राउटिंग टेबल वाचायला शिका. मग राउटर निर्णय कसा घेतो ते पक्कं करा. प्रोटोकॉलला हात त्यानंतर. प्रोटोकॉल म्हणजे त्या टेबलात ओळी भरण्याच्या वेगवेगळ्या रीती. ओळीचा अर्थ कळत नसेल, तर ती कोणी भरली हे शिकून उपयोग नाही.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजीतच टाइप करायच्या.

अभ्यासक्रमात नेमकं काय आहे

परीक्षेचा नंबर २००-३०१. तिची १.१ ही आवृत्ती २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर. सहा विभागांत आयपी कनेक्टिव्हिटी हा सगळ्यात मोठा, २५ टक्क्यांचा, आणि राउटिंग सगळं याच विभागात येतं. सिस्कोच्या साइटवर विषयांची यादी फुकट मिळते. ती छापून भिंतीवर लावा आणि बुकिंग करण्याआधी आवृत्ती बदललेली नाही ना, ते पाहा.

या विभागात पाच गोष्टी आहेत: राउटिंग टेबल वाचणं, राउटरचा निर्णय, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी स्टॅटिक (हाताने टाकलेला) राउट, एकाच एरियातलं (राउटरच्या एकाच गटातलं) ओएसपीएफ व्हर्जन २, आणि एफएचआरपी, म्हणजे गेटवेचा राउटर पडला तर दुसऱ्याने सांभाळण्याची सोय, कशासाठी असतं याची समज. कॉन्फिगर करावा लागणारा डायनॅमिक प्रोटोकॉल एकच, ओएसपीएफ. फेब्रुवारी २०२० मध्ये अभ्यासक्रम बदलला तेव्हा ईआयजीआरपीचं कॉन्फिगरेशन गेलं. तरीही कित्येक क्लासच्या नोट्समध्ये आरआयपी आणि ईआयजीआरपीचे लॅब अजून पहिल्या पानांवर असतात.

जुनी पुस्तकं घेतानाही हे लक्षात ठेवा. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ किंवा फोर्टमध्ये फुटपाथवर नेटवर्किंगची जाडजूड पुस्तकं स्वस्तात मिळतात. आधी कव्हर पाहा. २००-१२५ हा नंबर असेल तर ते २०२० च्या आधीच्या परीक्षेचं आहे. त्यातलं सबनेटिंग आणि ओएसपीएफ आजही वाचण्यासारखं आहे, पण अनुक्रमणिका तुमच्या भिंतीवरच्या यादीशी पडताळा आणि जे यादीत नाही ते सोडून द्या.

पहिली पायरी: सबनेट तोंडपाठ नव्हे, तोंडी

राउटिंग टेबलमधली प्रत्येक ओळ एखाद्या नेटवर्कबद्दल असते. १९२.१६८.१०.७७/२७ हा पत्ता कुठल्या नेटवर्कमध्ये आहे हे दहा सेकंदांत सांगता येत नसेल, तर पुढचं सगळं जड जाणार. /२७ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २७ नेटवर्कचे, उरलेल्या पाचांतून ३२ चे गट: ०, ३२, ६४, ९६. ७७ हा ६४ आणि ९६ च्या मध्ये, म्हणून नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) ९५, यंत्रांना देता येणारे पत्ते ६५ ते ९४. आता जरा अवघड: १७२.१६.४५.२००/२०. इथे गट तिसऱ्या आकड्यात, १६ चे: ३२ ते ४७. म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.० आणि ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५.

याला वही लागत नाही. बदलापूर किंवा विरार लोकलमध्ये हात वर करायलाही जागा नसते, तिथेही हा सराव होतो. एक पत्ता मनात धरायचा, एक मास्क (/२७ सारखी नेटवर्कची लांबी) धरायचा, पुढचं स्टेशन येईपर्यंत नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट काढायचा. घरी पोचलात की दोनचार उत्तरं कागदावर तपासा. वाइल्डकार्ड मास्कही याच सरावात घ्या, कारण ओएसपीएफला तो लागतो: २५५.२५५.२५५.२५५ मधून मास्क वजा करायचा. /२७ चा मास्क २५५.२५५.२५५.२२४, म्हणून वाइल्डकार्ड ०.०.०.३१.

दुसरी पायरी: एक ओळ, सावकाश

सिस्कोचं नेटअॅकॅड खातं काढलं की पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. साध्या लॅपटॉपवर ते नीट चालतं. लॅमिंग्टन रोडवर जुने १८४१ किंवा २८११ राउटर पाहून खूप जणांना मोह होतो. खऱ्या यंत्राला हात लागला पाहिजे ही ओढ मला समजते, पण या परीक्षेपुरते ते पैसे वाचवा. छोट्या खोलीत २८११ चालू केला तर त्याच्या पंख्याच्या आवाजात घरातल्यांना झोप लागणार नाही, आणि तीन राउटरचा लॅब करायचा तर तसे तीन लागतील.

पॅकेट ट्रेसरमध्ये राउटरवर शो आयपी राउट द्या. अशी एखादी ओळ दिसेल:

ओ १९२.१६८.३.०/२४ [११०/३] व्हाया १०.१.१२.२, ००:१४:०७, गिगाबिट-इथरनेट ०/०

पहिलं अक्षर सांगतं की ही ओळ कोणी भरली. ओ म्हणजे ओएसपीएफ, एस म्हणजे स्टॅटिक, सी म्हणजे थेट जोडलेलं नेटवर्क, एल म्हणजे राउटरच्या स्वतःच्या इंटरफेसचा पत्ता, आणि तो आयपीव्ही४ मध्ये नेहमी /३२ असतो. डी हे ईआयजीआरपीचं, आर हे आरआयपीचं आणि बी हे बीजीपीचं. एससमोर तारा असेल तर तो डिफॉल्ट राउट, दुसरी कुठलीच ओळ जुळली नाही तर वापरायचा. त्यानंतर नेटवर्क आणि प्रीफिक्सची लांबी, म्हणजे तिरप्या रेघेनंतरचा आकडा. चौकटी कंसातला पहिला आकडा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे ही माहिती देणाऱ्यावर राउटरचा भरवसा किती. आकडा जितका लहान तितका भरवसा जास्त. दुसरा आकडा मेट्रिक, त्या प्रोटोकॉलच्या हिशेबाने रस्त्याची किंमत. व्हायानंतर नेक्स्ट हॉप, म्हणजे पुढच्या राउटरचा पत्ता, मग ही ओळ टेबलात किती वेळ आहे ते, आणि शेवटी बाहेर पडायचा इंटरफेस.

रोज एका टेबलमधल्या पाच ओळी अशा मोठ्याने वाचा, मराठीत, समोर कोणी बसलंय असं समजून. परीक्षा इंग्रजीत असते, तांत्रिक शब्द तसेच ठेवा, पण वाक्य आपल्या भाषेत पुरं करता आलं तर समजा की ते डोक्यात उतरलं.

तिसरी पायरी: राउटरचा निर्णय

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. अर्ध्या चुका इथेच होतात.

राउटरसमोर दोन वेगवेगळे प्रसंग येतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला प्रसंग टेबल भरण्याचा. एकाच नेटवर्कची, अगदी तीच लांबी असलेली माहिती दोन प्रोटोकॉलकडून आली, तर टेबलात कोणाची ओळ घ्यायची? इथे अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स पाहतात. आणि एकाच प्रोटोकॉलकडून दोन रस्ते आले तर मेट्रिक. मेट्रिकही सारखं असेल तर दोन्ही रस्ते टेबलात जातात आणि वाहतूक वाटली जाते.

दुसरा प्रसंग पॅकेट पाठवण्याचा. टेबल आता तयार आहे. पॅकेटचा पत्ता ज्या ज्या ओळींत बसतो, त्यांतली सर्वांत लांब प्रीफिक्सची ओळ जिंकते. इथे डिस्टन्स कोणी विचारत नाही.

पिनकोड डोळ्यासमोर आणा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. पत्र वेगळं करणाऱ्याकडे ४ ने सुरू होणाऱ्यांचं एक पोतं, ४०० वाल्यांचं एक आणि ४०००२८ चं एक अशी तीन पोती असतील, तर दादर पश्चिमेचं पत्र तिन्हींत बसतं. ते जाणार मात्र ४०००२८ च्या पोत्यात, कारण तिथे सगळ्यात जास्त आकडे जुळतात. राउटर आकड्यांऐवजी बिट जुळवतो, इतकाच फरक.

आता हे टेबल घ्या:

एस १०.२०.०.०/१६ [१/०] व्हाया १०.१.१.१
ओ १०.२०.३०.०/२४ [११०/६५] व्हाया १०.१.२.१
आर १०.२०.३०.१२८/२६ [१२०/३] व्हाया १०.१.३.१

पॅकेट १०.२०.३०.१५० ला जायचंय. हा पत्ता तिन्ही ओळींत बसतो. स्टॅटिकचा डिस्टन्स १ म्हणून बहुतेक नवशिके पहिल्या ओळीवर बोट ठेवतात. उत्तर तिसरी ओळ, कारण /२६ सर्वांत लांब. १०.२०.३०.२०० हा १२८ ते १९१ च्या बाहेर, म्हणून तो दुसऱ्या ओळीने जाईल. १०.२०.३१.५ पहिल्या ओळीने. आणि १०.२१.१.१ कुठेच बसत नाही. डिफॉल्ट राउट नसेल तर ते पॅकेट टाकून दिलं जातं.

या एका नियमाचा जोर किती असतो ते २४ फेब्रुवारी २००८ ला जगाने पाहिलं. यूट्यूब आपली नेटवर्कं २०८.६५.१५२.०/२२ या ओळीने जाहीर करत होतं. पाकिस्तानात साइट बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्याच २०८.६५.१५३.०/२४ ची घोषणा केली आणि ती देशाबाहेर गेली. /२४ ही /२२ पेक्षा लांब. जगभरच्या राउटरनी नियम पाळला आणि यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे वळली. यूट्यूबने उलट उत्तर म्हणून आधी तीच /२४ आणि मग त्याहून लांब अशा दोन /२५ जाहीर केल्या. या घोषणा बीजीपीतून होतात आणि तो या परीक्षेत फारसा नाही, पण ही घटना कळली की लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच, म्हणजे सर्वांत लांब ओळीचा हा नियम, पुन्हा वाचावा लागत नाही.

डिस्टन्सचे आकडे मात्र पाठच करायचे: थेट जोडलेलं ०, स्टॅटिक १, बाहेरचा बीजीपी २०, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०, आतला बीजीपी २००.

चौथी पायरी: स्टॅटिक राउट

हे सोपं समजून लोक पुढे पळतात आणि परतीचा रस्ता विसरतात. एका बाजूला राउट टाकला, पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी चाचणी) गेलं नाही, की आपल्याच कमांडमध्ये चूक शोधत बसतात. पॅकेट पोचलेलं असतं. समोरच्या राउटरला उत्तर परत कुठे पाठवायचं ते माहीत नसतं. पिंग जात नसेल तर पहिला प्रश्न हा: दोन्हीकडे राउट आहे का?

फ्लोटिंग स्टॅटिक, म्हणजे मुख्य रस्ता पडल्यावरच वर येणारा राखीव राउट, नीट करून बघा. ओएसपीएफचा रस्ता चालू असताना त्याच नेटवर्कसाठी शेवटी १२० हा डिस्टन्स देऊन स्टॅटिक राउट टाका. टेबलात तो दिसणार नाही. आता ओएसपीएफची लिंक शट करा आणि पुन्हा टेबल पाहा. एसची ओळ [१२०/०] घेऊन वर आलेली असेल. तिसऱ्या पायरीतलं टेबल भरण्याचं तत्त्व इथे डोळ्यांनी दिसतं.

आयपीव्ही६ मध्ये दोन गोष्टी सांभाळा. आयपीव्ही६ युनिकास्ट-राउटिंग ही कमांड दिल्याशिवाय राउटर पॅकेट पुढे पाठवत नाही. आणि नेक्स्ट हॉप म्हणून एफई८० ने सुरू होणारा लिंक-लोकल पत्ता दिला, तर बाहेर पडायचा इंटरफेसही लिहावा लागतो, कारण तोच पत्ता प्रत्येक लिंकवर असू शकतो.

पाचवी पायरी: ओएसपीएफ, तीन राउटरच्या त्रिकोणात

आरआयपीमध्ये राउटर शेजाऱ्याच्या शब्दावर चालतो: ते नेटवर्क माझ्यापासून दोन हॉपवर आहे, इतकंच त्याला कळतं. रस्त्याचा वेग किती, पलीकडे काय आहे, काही माहीत नाही, आणि १५ हॉपच्या पुढे तर त्याचा हिशेबच संपतो. ओएसपीएफमध्ये एरियातला प्रत्येक राउटर आपल्या लिंकची माहिती सगळ्यांना कळवतो. सगळ्यांकडे एकच डेटाबेस तयार होतो आणि त्यावर प्रत्येक जण स्वतः सर्वांत स्वस्त रस्ता काढतो. त्यासाठीचा अल्गोरिदम एड्सगर डायक्स्ट्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला होता. ओएसपीएफ व्हर्जन २ चं आजचं मूळ दस्तऐवज आरएफसी २३२८, एप्रिल १९९८ चं.

पॅकेट ट्रेसरमध्ये २९११ चे तीन राउटर घ्या. त्याला तीन गिगाबिट पोर्ट असतात, त्रिकोणाला आणि प्रत्येकाच्या लॅनला (त्याच्या मागच्या स्थानिक नेटवर्कला) नेमके पुरतात. आर१ ते आर२ साठी १०.१.१२.०/२४, आर२ ते आर३ साठी १०.१.२३.०/२४, आर१ ते आर३ साठी १०.१.१३.०/२४. लॅनसाठी १९२.१६८.१.०, २.० आणि ३.०, सगळे /२४. प्रत्येक लॅनला एक पीसी लावा, नाहीतर पोर्ट वर येणार नाही. पत्त्यात लिंकचे नंबर दिसतील असा आराखडा ठेवला की टेबल वाचताना कागद शोधावा लागत नाही.

आर१ वर:

राउटर ओएसपीएफ १
राउटर-आयडी १.१.१.१
नेटवर्क १०.१.१२.० ०.०.०.२५५ एरिया ०
नेटवर्क १०.१.१३.० ०.०.०.२५५ एरिया ०
नेटवर्क १९२.१६८.१.० ०.०.०.२५५ एरिया ०
पॅसिव्ह-इंटरफेस गिगाबिट-इथरनेट ०/२

राउटर-आयडी कायम हाताने द्या. दिला नाही तर राउटर सर्वांत मोठा लूपबॅक (राउटरच्या आतल्या आभासी इंटरफेसचा) पत्ता घेतो, लूपबॅक नसेल तर चालू इंटरफेसमधला सर्वांत मोठा पत्ता. नेटवर्क कमांडचा अर्थही अनेकांना उलटा वाटतो. ती नेटवर्क जाहीर करत नाही; ज्या इंटरफेसचा पत्ता या पट्ट्यात बसतो त्यावर ओएसपीएफ सुरू करते. पॅसिव्ह केलेल्या लॅन पोर्टवर हेलो (शेजारी राउटर शोधणारे छोटे संदेश) जात नाहीत, पण ते नेटवर्क इतरांना कळत राहतं.

बाकी दोघांवर हेच करा आणि शो आयपी ओएसपीएफ नेबर पाहा. दोन शेजारी फुल अवस्थेत (माहितीची देवाणघेवाण पूर्ण झालेले) दिसले की आर१ वर टेबल उघडा. १९२.१६८.३.० ची ओळ [११०/२] दाखवेल. हा २ कुठून आला ते स्वतः मोजा: आर१ च्या बाहेर पडणाऱ्या पोर्टची कॉस्ट १, आर३ च्या लॅन पोर्टची कॉस्ट १. कॉस्ट म्हणजे १०० एमबीपीएस भागिले लिंकचा वेग, आणि एकपेक्षा खाली ती जात नाही. म्हणून फास्ट इथरनेटही १ आणि गिगाबिटही १. हा जुन्या काळचा मापदंड आहे. ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १००० दिलं की गिगाबिट १ आणि फास्ट इथरनेट १० होतं. पण ते सगळ्या राउटरवर सारखं द्यावं लागतं.

आता आर१ च्या आर३ कडे जाणाऱ्या पोर्टवर आयपी ओएसपीएफ कॉस्ट १० द्या. सरळ रस्ता ११ चा झाला, आर२ वरून जाणारा ३ चा. टेबल पुन्हा पाहा: [११०/३], नेक्स्ट हॉप १०.१.१२.२. वर दुसऱ्या पायरीत आपण वाचली ती हीच ओळ. मग आर३ वर जाऊन १९२.१६८.१.० चा रस्ता पाहा. तो अजून सरळच आहे, [११०/२]. कॉस्ट बाहेर पडणाऱ्या पोर्टवर मोजली जाते, त्यामुळे जाण्याचा रस्ता एक आणि येण्याचा दुसरा झाला. हे एकदा स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलं की कॉस्टवरचे प्रश्न सोपे वाटू लागतात.

आर३ वर एक लूपबॅकही बनवा, त्याला /२४ चा मास्क द्या आणि ओएसपीएफमध्ये घ्या. आर१ ला तो /३२ म्हणून दिसेल. ओएसपीएफ लूपबॅकला एकट्या यंत्राचा पत्ता समजतो. पहिल्यांदा पाहणारा हमखास चक्रावतो.

डीआर, म्हणजे एका सामायिक नेटवर्कवर सगळ्यांच्या वतीने माहिती गोळा करून वाटणारा राउटर, आणि बीडीआर, म्हणजे त्याचा राखीव, हे समजण्यासाठी त्रिकोण पुरत नाही. एका स्विचला चार राउटर जोडा. एक डीआर, एक बीडीआर आणि उरलेले दोघे डीआरअदर होतील, आणि ते दोघे एकमेकांना टू-वे अवस्थेतच दाखवतील. ही बिघाडाची खूण नाही, तसंच अपेक्षित आहे. निवडणुकीत आधी प्रायॉरिटी, ती सारखी असेल तर मोठा राउटर-आयडी. प्रायॉरिटी ० असलेला कधीच निवडून येत नाही. आणि एकदा डीआर झाला की नंतर आलेला मोठा राउटर त्याला हटवत नाही. त्यासाठी क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस द्यावी लागते किंवा तो बंद पडावा लागतो.

सहावी पायरी: चालू लॅब मोडा

चालणारं नेटवर्क बांधायला शिकवणारे खूप आहेत. कामावर मात्र तुम्हाला बंद पडलेलं नेटवर्क मिळतं, तेही रात्रपाळीत. परीक्षेतही नेबर का होत नाही हा प्रश्न आवडीचा. म्हणून त्रिकोणाची फाइल जपून ठेवा, तिची प्रत काढा आणि एका वेळी एकच गोष्ट बिघडवा.

आर२ च्या पोर्टवर हेलो-इंटरव्हल ५ करा. इथरनेटवर नेहमीचे आकडे हेलो १० आणि डेड (इतका वेळ हेलो आला नाही तर शेजारी गेला असं धरायचं) ४० सेकंद. नेबर लगेच जाणार नाही. आर१ वर डेड टायमर ४० वरून उतरत शून्यावर येईल आणि मग ओळ गायब होईल. तो उतरता आकडा बघत बसा, टायमरची व्याख्या पुन्हा लागणार नाही. मग ते दुरुस्त करून एरिया बदला. मग दोघांना एकच राउटर-आयडी द्या. मग लिंकचा पोर्ट चुकून पॅसिव्ह केल्यासारखा करा.

माझ्या मते सर्वांत शिकवणारा बिघाड मास्कचा आहे. आर१ ला १०.१.१२.१/२४ ठेवा, आर२ ला १०.१.१२.२/२५ द्या. पिंग जातं. दोघांना वाटतं आपण एकाच नेटवर्कमध्ये आहोत. ओएसपीएफ मात्र हेलोमधला मास्क ताडून पाहतो आणि नेबर होऊ देत नाही. पिंग जातंय म्हणजे लिंक ठीक आहे, आता ओएसपीएफमध्येच काहीतरी असेल, असं म्हणत माणूस भलतीकडे शोधत राहतो. अशा वेळी शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस दोन्ही बाजूंना द्या आणि पत्ता, मास्क, एरिया, टायमर ओळीने जुळवा.

अवस्थांवरूनही खूप कळतं. यादीत नेबरच नाही: टायमर, एरिया, मास्क, पासवर्ड किंवा पॅसिव्ह पाहा. इनिटवर अडकला: त्याचे हेलो आपल्याला येतात, आपले त्याला पोचत नाहीत. एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंजवर अडकला: दोन्हीकडचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) वेगळा असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

उरलेलं

आरआयपी, ईआयजीआरपी, बीजीपी यांना एक संध्याकाळ पुरे. टेबलमधलं अक्षर, डिस्टन्स आणि कोण कुठे वापरतं एवढं हवं. एफएचआरपीमध्ये एवढंच की पीसीला गेटवेचा एकच आभासी पत्ता दिसतो आणि त्यामागे दोन राउटर असतात, एक पडला तर दुसरा सांभाळतो.

नोकरी करून अभ्यास करणाऱ्याला या विभागाला पाच आठवडे द्यावे लागतील असं मी धरते: एक सबनेटिंगला, एक टेबल आणि निर्णयाला, एक स्टॅटिकला, दोन ओएसपीएफला. घरात जागा नसेल तर जवळपासची अभ्यासिका शोधा. मुंबईत अनेक वस्त्यांत मंडळं आणि महापालिका त्या चालवतात, आणि पॅकेट ट्रेसरचा लॅब एकदा उघडला की नेट लागत नाही.

डम्पच्या, म्हणजे परीक्षेतल्या चोरलेल्या प्रश्नसंचांच्या, नादी लागू नका, हे मनापासून सांगते. पकडले गेलात तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. न पकडलेल्यांचंही बरं होत नाही. ऐरोली, महापेकडच्या डेटा सेंटरमधल्या मुलाखतीत समोरचा नेबर एक्सस्टार्टवर अडकलाय, काय पाहाल, असं विचारतो, आणि तिथे पर्याय अ, ब, क नसतात.

परीक्षेचा दिवस

जुलैतला स्लॉट टाळता आला तर टाळा. तुंबलेल्या रुळांवर लोकल अडकली तर अभ्यास कितीही असो, केंद्रावर वेळेत पोचणं तुमच्या हातात राहत नाही. रविवारचा घेतलात तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते पाहून निघा. बुकिंगमधलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, वडिलांचं नाव आणि आडनावाचा क्रमसुद्धा.

परीक्षेत एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर येता येत नाही. राउटिंग टेबलचा प्रश्न आला की आधी पर्याय वाचू नका. पत्ता घ्या, तो कुठल्या ओळींत बसतो त्या शोधा, सर्वांत लांब ओळ ठरवा, मग पर्यायांकडे या. प्रत्यक्ष कॉन्फिगरेशनचे लॅब प्रश्नही येतात. तिथे काम झाल्यावर शो आयपी राउट देऊन खात्री करा आणि रनिंग कॉन्फिग स्टार्टअपमध्ये कॉपी करा.

प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पुढची पायरी सिस्कोचीच एनकोर ही परीक्षा, नंबर ३५०-४०१. त्यात अनेक एरियांचं ओएसपीएफ आणि बाहेरचा बीजीपी आहे. त्रिकोणाची फाइल तेव्हाही उघडा, आर३ च्या लॅन पोर्टवर पीसीच्या जागी चौथा राउटर जोडा, ती लिंक एरिया १ मध्ये टाका आणि आर१ च्या टेबलात ओ नंतर आयए (दुसऱ्या एरियातून आलेला रस्ता) असं नवं अक्षर येतं का ते पाहा.